पोरं आणायला जाणारा माणूस

बा, मी इथे कॉव्हेंट्रीत एक नाटक बसवते आहे आणि त्यात तू आहेस. नाटकातल्या कुणालाच हे माहीत नाही. खरं तर लिहून होईपर्यंत मलाही माहीत नव्हतं. तू गेलास तेव्हा मी सातवीत होते, आणि त्यानंतर मनातल्या मनातसुद्धा मी तुझ्याशी फार बोलले नाही, कारण आपल्यात बोलायची सवयच नव्हती. तू आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापायचास, मी चुलीच्या उबेला पाढे म्हणत बसायचे, मध्येच तू एक भाकरी माझ्याकडे सरकवायचास. तेवढंच आपलं बोलणं. पण आता पुढच्या शनिवारी प्रयोग आहे आणि लोकांसमोर तुला कसा उभा करायचा, हे तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

आधी मी कुठे आहे ते सांगते. इथल्या एका प्राथमिक शाळेत मी काम करते. ज्या मुलांना वाचायला जड जातं त्यांच्या शेजारी बसायचं, ओळीखाली पट्टी धरायची, ती अडखळली की थांबायचं. सरकारी शिष्यवृत्तीवर एम.ए. करायला आले आणि काम मिळालं म्हणून राहिले. आई पाड्यावर अजून 'माझी पोर पंधरावी झाली' असंच सांगते. त्यापुढचं शिक्षण तिच्या लेखी नाही, आणि आपल्या घरात पंधरावीपर्यंत तरी दुसरं कोण पोचलंय? इथे मराठी मंडळ आहे. डॉक्टर, कॉम्प्युटरवाले, बँकवाले, बहुतेक पुण्या-मुंबईचे, काही नागपूरचे. गणपतीला आणि दिवाळीला जमतात, आणि दर वर्षी एक विनोदी नाटक होतं, ज्यात नवरा बायकोला घाबरतो आणि सगळे पोट धरून हसतात. या वर्षी मंडळाच्या अध्यक्ष काकूंनी मला बोलावलं. त्या डॉक्टर, इथल्याच हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या. म्हणाल्या, "तू लिहितेस म्हणे. या वेळी जरा सिरियस काहीतरी कर बाई. तेच ते नवरा-बायको किती वर्षं बघायचे?" मी त्यांना कॅनडाची गोष्ट सांगितली. तिथल्या मूळ रहिवाशांची मुलं सरकारनं घरांतून उचलली, लांबच्या शाळांत नेऊन ठेवली, केस कापले, आईच्या भाषेत बोललं की मारलं. कित्येक परत आलीच नाहीत. काकूंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "हेच कर."

कमिटीतले एक काका मान डोलावत म्हणाले, "उत्तम. गोऱ्यांनी काय काय केलंय ते आपल्या पोरांना कळू दे. आपल्याकडे असलं काही नव्हतं हो. आपण तर उलट फुकट शाळा काढल्या, स्कॉलरशिपा दिल्या, डोक्यावर बसवलं." मी चहा पीत राहिले. मी जव्हारकडची वारली आहे हे या लोकांना ठाऊक आहे. पहिल्या भेटीतच सांगितलं होतं, तेव्हा एक वहिनी म्हणाली होती, "अय्या, ते वारली पेंटिंगवाले! माझ्याकडे कोस्टर्स आहेत त्याचे. आमच्या लाउंजची एक भिंत काढून देशील?" बा, मला धड माणूससुद्धा काढता येत नाही. पण ही माणसं वाईट नाहीत. मी आजारी पडले तेव्हा याच वहिनीनं चार दिवस डबा पाठवला होता. म्हणून तर कठीण जातं.

नाटकात एक वाटाड्या आहे. पोलिसांना मुलांची घरं माहीत नसतात, भाषा येत नसते, म्हणून त्याच लोकांतला एक माणूस ते बरोबर घेतात. कुठल्या घरात किती पोरं, कोण कुठे लपेल, हे त्याला बरोबर ठाऊक. लायब्ररीत वाचलेल्या आठवणींमध्ये अशा माणसाचा कुठेतरी ओझरता उल्लेख होता. बाकीचा मी भरला, आणि भरताना हात आपोआप चालत होता. त्या माणसाला बघून एक लहान मुलगी लपते. ती मी भात साठवायच्या कणगीत लपवली. पहिल्याच वाचनाला, वाटाड्याचं काम करणाऱ्यानं हात वर केला. तो पुण्याचा, बर्मिंगहॅमला सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणाला, "बॉस, कॅनडात कणगी?" सगळे हसले. मीही हसले, आणि कणगी खोडून लाकडं ठेवायची खोली केली. घरी आल्यावर मात्र बराच वेळ ते खोडलेलं बघत बसले. बांबूची, शेणानं सारवलेली कणगी. मी कॅनडात कधी गेले नाही. मी आपल्याच पाड्यात शिरले होते.

तालीम एका चर्चच्या हॉलमध्ये होते. लाकडांची खोली म्हणून डिशवॉशरचं रिकामं खोकं आहे. त्यात नऊ वर्षांची एक मुलगी लपते, इथेच जन्मलेली, मराठी बोलताना फार विचार करणारी. पहिल्या उभ्या तालमीत आपला वाटाड्या आला तो हात चोळत, डोळे बारीक करून, आणि खोक्याकडे बघून असा काही हसला की पोरगी आतून खुदखुदायला लागली. मी म्हटलं, "तो हसत नाही."

"मग काय करतो?"

"हाक मारतो."

"पण व्हिलन आहे ना तो?"

काकू या नाटकात त्या मुलीची आई आहेत. त्या म्हणाल्या, "एक तरी व्हिलन हवाच गं. नाहीतर लोकांनी राग काढायचा कुणावर?"

"मिशी लावू का?" त्यानं विचारलं.

"लाव बाबा, लाव," त्याची बायको मागून म्हणाली, "घरात तर तुला कुणी घाबरत नाही."

सगळे हसत असतानाच मी ओरडले, "व्हिलन नाहीये तो!" हॉल रिकामा आहे, आवाज घुमतो. त्यानं विचारलं, "तुला कसं माहीत?" चिडून नाही, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "वाचलंय मी." आणि चहाची सुट्टी दिली.

वाचलं नव्हतं, बघितलं होतं. दिवाळीची सुट्टी संपली आहे आणि शाळेत निम्मी पोरं परत आलेली नाहीत. हेडमास्तर भाड्याची जीप मागवतात, कारण पटावर पोरं हवीत, आणि तुला बोलावतात, कारण पाडे तुला माहीत, बोली तुझी. हे दर वर्षीचंच. तू हात धुऊन, शर्ट बदलून निघतोस. त्या वर्षी मी आठ वर्षांची आहे आणि तू मलाही घेतोस. माझ्या वेण्या तू स्वतः घालतोस, घट्ट, लाल रिबिनी लावून, गणवेश धुतलेला, आणि मला पुढच्या सीटवर बसवतोस. मला वाटतं, मला फिरायला नेतोयस. जीप पाड्यात शिरली की पोरं पांगतात, झाडावर चढतात, नाल्यात उतरतात. हेडमास्तर जीपमधून ओरडतात. तू ओरडत नाहीस. तू खाली उतरतोस, एखाद्या अंगणात बूड टेकतोस, पाणी मागतोस. घरची माणसं भट्टीवर निघायच्या तयारीत, गाठोडी बांधलेली. आठवडाभरात सगळं घर भिवंडीकडे विटा पाडायला जाणार आणि पोरंही चिखल तुडवायला जाणार. तू भाताचं विचारतोस, कुणाच्या म्हाताऱ्याचं विचारतोस. मग घरात जातोस आणि कणगीपाशी उभा राहून हळू आवाजात म्हणतोस, "ये गं माझी बाय. मी काय परका हाय? भूक लागली ना तुला? ये. बाहेर बघ, माझी पोर पन आलीया. ये."

आणि ती येते, बा. कणगीच्या तोंडातून आधी हात येतात. तू तिला उचलून घेतोस, तिच्या अंगाला लागलेला भुसा झाडतोस, जीपपर्यंत नेतोस. जीप दिसल्यावर तिला कळतं. ती तुझ्या मनगटाला चावते. रक्त येईपर्यंत. तू हात सोडवून घेत नाहीस. तिची आई दारात उभी आहे, रडत नाही, फक्त विचारते, "तू आपला का त्यांचा?" तू म्हणतोस, "दोन टायम जेवंल तरी." परत येताना मागच्या सीटवरच्या पोरी रडून रडून झोपतात आणि तू एकदाही मागे बघत नाहीस. शाळेत आल्यावर मी तुझ्या मनगटाला हळद लावत असते तेव्हा तू एवढंच म्हणतोस, "बरं केलं तिनं." आणि त्याच हातानं सगळ्यांच्या भाकऱ्या थापतोस. जेवताना ती तुझ्याच पंक्तीला येऊन बसते. हे मला आजही सर्वात जास्त छळतं. ती तुझ्याच पंक्तीला आली.

त्या शाळेत मी शिकले. तुझ्या खोलीत राहून, तुझ्या चुलीपाशी बसून. मला कुणी उचलून आणलं नव्हतं, मी तुझ्याबरोबरच होते. आणि त्याच शाळेत पुढच्या पावसाळ्यात एक मुलगा तापानं गेला. त्याला पाड्यावर पोचवायलाही तुलाच पाठवलं, त्याच जीपमधून. त्या दिवशी तू परत येऊन हात धुतलेस. आणि स्वयंपाक केलास.

चहाच्या सुट्टीनंतर मी म्हटलं, "मी करून दाखवते." पोरगी खोक्यात शिरली. मी खोक्यापासून चार पावलांवर उकिडवी बसले. तुझा आवाज मला काढायचा नव्हता, पण दुसरा कुठला आवाज माझ्याकडे नव्हता. मी म्हटलं, "ये गं माझी बाय. मी काय परकी आहे? ये." संहितेत तिनं तीन हाकांना यायचं नाही असं आहे. पहिल्याच हाकेला खोक्याचं झाकण हललं आणि ती बाहेर आली. सरळ माझ्याकडे चालत आली आणि हात पुढे केला. मग तिला आठवलं आणि ती थांबली. "सॉरी! मी विसरला. तू इतकी नाइस बोलली, मला वाटला खरंच बोलवते." कुणी हसलं नाही. पुण्याचा तो खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "यार, हे फार भयंकर आहे. हसणारा परवडला. हसणाऱ्यापासून पोर पळून तरी जाईल." मी इतकी वर्षं समजत होते की तू मायेनं बोलायचास म्हणून ते कमी वाईट होतं. हेडमास्तरांच्या ओरडण्यानं एकही पोर खाली आलं नव्हतं. तुझ्या मायेनं आलं.

मग मी आईला फोन केला. नेटवर्कसाठी ती टाकीच्या चढावर येऊन बोलते. मी विचारलं, "बा पोरं आणायला जायचा तेव्हा लोक काय म्हणायचे गं त्याला?"

"काय म्हनतील? दारं लावायचे."

"तू काही नाही म्हणालीस कधी?"

मग म्हणाली, "तुझा दादा पन पळून यायचा. दोनदा नेला तुझ्या बानं, ओढत. मंग ते पोर तापानं गेलं. त्याच्यानंतर दादा परत पळून आला, तर मी चुलीमागं बसवला. हेडमास्तर दारात, जीपमधी. तुझा बा आत आला, पोराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन् बाहेर जाऊन सांगितलं, घरात नाय."

"मग?"

"मग काय? जीप फुडं गेली. दुसऱ्याच्या दारी."

बा, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. दादा शिकला नाही, त्याला शाळेची गोडी नव्हती, असंच घरात म्हणायचे. तो आज भट्टीवर आहे, पाठीचा कणा वाकलाय, आणि मी इथे मुलांच्या ओळीखाली पट्टी धरते. तू त्याला वाचवलंस की बुडवलंस, आणि मला? मी रागावले तुझ्यावर. मग वाटलं, निदान एकदा तरी तू खोटं बोललास. आणि लगेच वाटलं, पण फक्त आपल्या घरासाठी.

मी तो प्रसंग नाटकात घातला. वाटाड्याच्या स्वतःच्या झोपडीत त्याचा मुलगा चुलीमागे असतो आणि तो बाहेर येऊन सांगतो, घरात कुणी नाही. सगळ्यांना फार आवडला. वहिनी म्हणाली, "आता कसा माणूस वाटतो! मला तर रडूच आलं." कमिटीतले काका म्हणाले, "यावरच पडदा पाडा. लोक उठून टाळ्या वाजवतील." एक दिवस मीही तसंच ठरवलं होतं. लोकांनी तुझ्यासाठी टाळ्या वाजवाव्यात, असं मला वाटलं होतं. पण पडदा पडला तरी जीप पुढे गेलेलीच असते. म्हणून मी त्या प्रसंगानंतर एक वाक्य लिहिलं. मुलीची आई वाटाड्याला वाटेत अडवते आणि म्हणते, "तुझा सापडला नाही. माझी बरी सापडली." कणगीवालीची आई हे बोलली नव्हती. तिला दादाचं कळलं होतं की नाही, तेही मला माहीत नाही. हे मी तिच्या तोंडी घातलं, कॅनडातल्या एका बाईच्या तोंडी, मंडळाच्या नाटकात. तिथल्या लोकांच्या दुःखात मी आपलं घर घुसवलं, हे बरोबर आहे का, तेही नक्की सांगता येत नाही. तिथे जे झालं ते आपल्यापेक्षा कितीतरी क्रूर होतं. पण हाक मारणारा माणूस तिथेही कुणाचा तरी बाप असणार.

काकूंनी ते वाक्य पहिल्यांदा वाचलं ते ओरडून. मी म्हटलं, "ओरडू नका काकू. भाजी निवडताना बोलावं तसं बोला." त्यांनी तसं म्हटलं आणि कागद खाली ठेवला. त्या दिवशी त्यांनी मला गाडीनं घरी सोडलं. सिग्नलला थांबलो असताना त्यांनी विचारलं, "तुझे वडील काय करायचे गं?" हा प्रश्न मला इथे खूपदा विचारतात आणि मी म्हणते, शाळेत होते. लोक समजतात, शिक्षक. या वेळी मी म्हटलं, "आश्रमशाळेत स्वयंपाकी होते. आणि सुट्टीनंतर पोरं आणायला जायचे." सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला तेव्हा कुठे त्यांनी गाडी काढली. पुढच्या चौकात म्हणाल्या, "मी माझ्या मुलीला दोन वर्षं नाशिकला आईकडे ठेवलं होतं. ड्यूट्याच तशा होत्या. ती अजून मला माफ करत नाही." मला म्हणायचं होतं, काकू, ते वेगळं. तुमच्या दारात जीप आली नव्हती. पण त्या रडत होत्या आणि गाडी चालवत होत्या, म्हणून मी गप्प बसले. उतरताना त्यांनी विचारलं, "मग शनिवारी काय करायचं? त्याचा राग यायला हवा की नको?"

काल पुण्याच्या त्यानं वाटाड्याचं काम सोडलं. भांडून नाही. म्हणाला, "मी शिपाई करतो, ओरडायचं काम मला जमेल. ती हाक तूच मार. मी मारली की ॲक्टिंग वाटते." त्याचं खरं आहे. त्यामुळे शनिवारी तू म्हणून मीच उभी असणार आहे. बाई वाटाड्या म्हणून चालेल का, असं काकांनी विचारलं, वहिनी म्हणाली, "न चालायला काय झालं? बायकांनाच जास्त चांगलं जमतं हे." मी शर्ट घेतला आहे, तुझ्यासारखाच, बाह्या दुमडलेला. सगळं ठरलं आहे. तुला वाईट दाखवत नाही, चांगलंही दाखवत नाही, एवढंच मला जमलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून शेवटचं लिहिते. मंडळाला मी सांगितलं की त्या दिवशी मी फक्त हाक कशी मारायची ते दाखवत होते. तसं नव्हतं. मी खोक्यासमोर बसले होते तेव्हा मला भट्टीवरचा दादा दिसत होता, माझ्या वर्गातली ती पट्टीवरची ओळ दिसत होती, आणि मी त्या मुलीला खरंच बोलावत होते. मला ती बाहेर यायला हवी होती, बा. जीपमध्ये बसायला हवी होती.